पाणी स्वच्छ दिसतंय तरी कालवं विकायला बंदी का घालतात?

कारण डोळ्याला काही कळतच नाही हो. फ्रान्समधल्या थो लगूनचं, म्हणजे समुद्राला लागून असलेल्या खाऱ्या तळ्याचं बघा, तिथे कालवांची मोठी शेती आहे आणि १९९८ मध्ये अलेक्झांड्रियम नावाचं विषारी शेवाळ वाढलं नि विक्री थांबवावी लागली. तिथे १९८४ पासून इफ्रेमेर ही सरकारी संस्था ठरावीक ठिकाणचं पाणी नेमाने घेते, त्यात आयोडीनचं द्रावण टाकून शेवाळाच्या पेशी मायक्रोस्कोपखाली मोजतात, पण पेशी मोजणं म्हणजे नुसता इशारा, खरा निकाल कालवाच्या मांसातल्या विषाच्या टेस्टवरच. या शेवाळाचं विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन, ते मांसात किलोमागे ८०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की युरोपात विक्री बंद! आणि उकळून खाऊ म्हणाल तर ते विष शिजवून जात नाही, ओठ बधिर होण्यापासून श्वास बंद पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.