यंत्र एवढे अचूक, मग लघवी का गळते?

शस्त्रक्रियेला ७ आठवडे झालेले ६३ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह समुपदेशनासाठी आले होते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्यांनी एक पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. तिच्यात जादा पँट आणि चार पॅड होते, हे मला नंतर कळले. प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग त्या ग्रंथीपुरता मर्यादित असतानाच सापडला होता, रोबोटिक शस्त्रक्रियेने ती ग्रंथी काढली होती आणि नंतरच्या तपासणीत पीएसए (या कर्करोगाचा माग काढण्यासाठी रक्तात मोजले जाणारे प्रथिन) ०.१ च्याही खाली आला होता. कर्करोगाच्या दृष्टीने याहून चांगला अहवाल मिळणे कठीण. त्यांनी मात्र तो अहवाल बाजूला सारला आणि विचारले, "एवढे अचूक यंत्र वापरले, तरी लघवी गळतेच कशी? ऑपरेशन बिघडले, असेच ना?"

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याच्या मुळाशी बहुधा 'रोबोटिक' या शब्दाने लावलेली आशा असते. यंत्र स्वतःहून काही करत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण-कक्षावर, बसून यंत्राचे हात चालवतो. छेद लहान असतात, रक्तस्राव कमी होतो, घरी लवकर जाता येते, हे सारे खरे आहे. तथापि ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रोबोटिक आणि उघड्या, म्हणजे मोठा छेद घेऊन केलेल्या, शस्त्रक्रियेची तुलना करण्यात आली, तेव्हा २ वर्षांनंतरही लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता या बाबतींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. कारण पद्धत कोणतीही असली, तरी ग्रंथीबरोबर लघवी अडवून धरणाऱ्या व्यवस्थेचा वरचा भाग दुबळा होतो, मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांची नव्याने जोडणी करावी लागते आणि कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) निघाल्यावर सगळा भार खालच्या स्नायूवर येऊन पडतो. त्या स्नायूला हे काम एकट्याने करण्याची सवय नसते. बहुतेकांचा ताबा ३ ते १२ महिन्यांत हळूहळू सुधारतो; सातव्या आठवड्यात पॅड लागणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे.

मी त्यांना उठून उभे राहण्यास सांगितले. ते झटकन उठले आणि चेहरा पडला. गळती झाली होती. मग ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, वायू अडवताना आवळतो तसे, आधी आवळून आणि श्वास न रोखता सावकाश उठायला सांगितले. तीन-चार वेळा केल्यावर ते म्हणाले, "आता कमी वाटते." खोकताना, शिंकताना, वजन उचलतानाही हाच क्रम पाळायचा. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम रोज करणारे अनेक जण भेटतात. ते टाळावे, तसेच कॅथेटर असताना हा व्यायाम करूच नये. या गृहस्थांनी गळतीच्या धास्तीने पाणीही निम्म्यावर आणले होते, परंतु लघवी दाट झाली की मूत्राशयाची चिडचिड उलट वाढते.

इतका वेळ गप्प असलेल्या त्यांच्या पत्नी तेव्हा म्हणाल्या, "हे आता दुसऱ्या खोलीत झोपतात. माझे काही चुकले का, तेही सांगत नाहीत." गृहस्थांनी मान खाली घातली. अंथरूण ओले होण्याची लाज हे निम्मे कारण होते; उरलेले निम्मे बोलायला त्यांना बराच वेळ लागला. शिश्नाला ताठरता येत नव्हती आणि नवरा म्हणून आपण संपलो, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही बाजूंनी अगदी चिकटून जातात. त्यांच्या बाबतीत त्या राखल्याची नोंद होती, पण राखलेल्या नसाही ताणल्या गेल्यामुळे बराच काळ मंदावतात आणि सुधारणेला कधी कधी २ वर्षेही लागतात. प्रत्येकाची क्षमता पूर्ववत होतेच, असे आश्वासन मी देत नाही. वय आणि आधीची स्थिती यांवर पुष्कळ अवलंबून असते. गोळ्या आणि व्हॅक्यूम उपकरण असे उपाय आहेत, त्यांचा निर्णय सर्जनने घ्यायचा. वीर्य मात्र पुन्हा येणार नाही, कारण ते तयार करणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. ताठरतेशिवायही स्पर्शसुख आणि कामतृप्ती शक्य असते, हे ऐकून दोघेही चकित झाले. शस्त्रक्रियेपूर्वी हे कुणीतरी दोघांना एकत्र बसवून सांगायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांना मी एक वही करायला सांगितली: दिवसाचे पॅड किती आणि कोणत्या हालचालीला गळती झाली, एवढेच लिहायचे. सहा आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा पॅड पाचावरून दोनावर आले होते. संध्याकाळी थकल्यावर गळती अजून होत होती, गोळ्यांचा म्हणावा तसा उपयोग दिसला नव्हता. पत्नींनी पलंगावर जलरोधक चादर घातली होती आणि ते आपल्या जागी झोपायला आले होते. वहीतील नोंदी आता त्यांच्या पत्नींच्या हस्ताक्षरात होत्या.