सोमवार पेठेतला गेंडा

पुण्यात येऊन दीड वर्ष झाले, गणेशोत्सव, सवाई गंधर्व महोत्सव आणि शनिवारवाडा पाहून झाला, आता इतिहास-संस्कृतीशी निगडित असे जरा वेगळे काय अनुभवता येईल, असे आपण विचारले आहे. आणि शेवटी ‘की याखेरीज पुण्यात बघण्यासारखे फारसे काही नाहीच?’ अशी पुस्ती जोडली आहे. ही पुस्ती नसती, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. माझा थोरला भाऊ हेच वाक्य गेली 40 वर्षे ऐकवत आला आहे, आणि तो तर सोमवार पेठेत जन्मलेला आहे.

आधी माझे मत सांगून टाकतो. तिकिटावर ‘वारसा’ हा शब्द छापून शनिवार-रविवारी जे कार्यक्रम होतात, त्यांतले बहुतेक मला पोकळ वाटतात. चार फेटेवाले, ढोलाचा दणदणाट आणि अमावास्येच्या रात्री शनिवारवाड्यात ‘काका, मला वाचवा’ ऐकू येते ही कथा, एवढ्यावर लोक खूश होऊन घरी जातात. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा खून झाला, तेव्हा गारद्यांचे पगार थकलेले होते, सख्खा चुलता त्याच वाड्यात नजरकैदेत होता आणि पुढे रामशास्त्र्यांनी चौकशी करून त्याच चुलत्याला दोषी धरले, ही हकीकत त्या किंकाळीपेक्षा कितीतरी भयंकर आहे. परंतु ती सांगायला अभ्यास लागतो. पुण्यातल्या चांगल्या गोष्टी बहुधा फुकट असतात आणि तिथीप्रमाणे येतात, म्हणून तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळांवर त्या सापडत नाहीत. आपल्याला एकच तारीख लिहून ठेवायची असेल, तर गुरुपौर्णिमा लिहून ठेवावी आणि त्या दिवशी सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या मंदिरात जावे.

नागझरीच्या काठचे हे काळ्या दगडाचे मंदिर भीमजीगिरी गोसावी यांनी 1754 मध्ये बांधायला घेतले आणि ते 1770 मध्ये पूर्ण झाले. गणपतीला तीन सोंडा आणि सहा हात आहेत आणि तो मोरावर बसलेला आहे. हे गोसावी म्हणजे भिक्षेकरी नव्हेत. सावकारी आणि व्यापार करणारी, पेशवाईला कर्ज देणारी ही मंडळी होती, आणि पेठेतल्या त्यांच्या वस्तीला गोसावीपुरा म्हणत. गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत शिलालेखांच्या जोडीला एक फारसी शिलालेखही आहे. वडिलांना फारसीचे अक्षर येत नव्हते, तरी ते प्रत्येक पाहुण्याला त्या ओळींपुढे उभे करीत आणि ‘पेशव्यांच्या पुण्यात, बरे का!’ एवढेच म्हणत. पाहुणा गेल्यावर त्याला त्यातले काय समजले, याची चर्चा जेवताना होई.

मंदिराच्या पोटात तळघर आहे आणि तिथे गोसावी महंतांची समाधी आहे. एरवी त्यात पाणी साठलेले असते. गुरुपौर्णिमेसाठी ते उपसून काढतात आणि त्या दिवशी लोकांना खाली उतरता येते. पाणी उपसले तरी दगड कोरडा होत नाही. पायऱ्यांवर तळव्याला गारवा लागतो, भिंतीला हात टेकला की तो ओलाच परत येतो, आणि वर रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत असताना खाली माणसे आपोआप कुजबुजत बोलू लागतात. लहानपणी मला तिथे भीती वाटे. आता वाटत नाही, पण मी अजूनही हळूच बोलतो.

खरा विषय मात्र तळघराचा नाही, दर्शनी भिंतीवरच्या गेंड्याचा आहे. मंदिराच्या भिंतीवर गेंडा, हे वाचूनच आपण जावे अशी माझी अपेक्षा आहे. पोशाखावरून इंग्रज वाटणारे शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने जखडत आहेत, असे ते शिल्प आहे. मी सातवीत असताना दादाने ते रानडुक्कर असल्याचे मला छातीठोकपणे सांगितले. मी म्हटले, डुकराला नाकावर शिंग नसते. तो म्हणाला, ते शिंग नाही, सुळा आहे, पाथरवटाचा हात चुकला असेल. दादा तेव्हा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता, त्यामुळे घरात त्याचे म्हणणे ग्राह्य धरले गेले, आणि पुढची कित्येक वर्षे आमच्याकडे ते शिल्प ‘दादाचे डुक्कर’ म्हणून ओळखले जात होते. वडील मध्ये पडले नाहीत. त्यांना त्या भिंतीपेक्षा आतल्या फारसी ओळींचे अगत्य अधिक होते.

नंतर दादा कोथरूडला राहायला गेला, आणि पेठेत बघण्यासारखे काही नाही हे त्याचे मत तिथल्या गच्चीवरून अधिकच पक्के झाले. गेल्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला मात्र त्याची नात हट्ट करून त्याला घेऊन आली. मी रांगेत आधीच उभा होतो. त्याने मला पाहिले आणि न पाहिल्यासारखे करून नातीला, किंबहुना रांगेतल्या दहा-पंधरा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली की, हा बघ गेंडा. गेंडा म्हणजे आसाम. इंग्रजांनी प्लासीच्या लढाईनंतर बंगाल आणि आसाम जिंकले, त्याची ही निशाणी. डुक्कर कुठे गेले, हा प्रश्न मी विचारला नाही. एवढा संयम मला दाखवता आला, याचा मला आजही आनंद आहे.

परंतु आसामचे मला सहन झाले नाही. प्लासीची लढाई 1757 मध्ये झाली, 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली, हे ठीक आहे. मंदिराचे काम सुरू असतानाच या बातम्या पुण्यात पोहोचल्या असणार, आणि देशभर फिरणाऱ्या गोसाव्यांना त्या दरबाराइतक्याच लवकर कळत असतील, हेही मी मानतो. आसाम मात्र इंग्रजांच्या हाती लागला तो ब्रह्मदेशाशी झालेल्या 1826 च्या यांदाबूच्या तहाने, म्हणजे मंदिर पूर्ण झाल्यावर 56 वर्षांनी. जे घडलेलेच नाही, ते पाथरवट कसे कोरील? गेंडा बंगालमध्येही होता, त्यासाठी आसामपर्यंत जाण्याची गरज नाही. हे सर्व मी दादाला रांगेतच सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘अरे, फोनवर वाचलंय मी, इतिहासाच्या लोकांनीच लिहिलंय. तू लहानपणापासून असाच आहेस.’ मी लहानपणी बरोबर होतो, एवढे त्याच्या लक्षात आणून देणे भाग पडले. रांग अडली. व्यवस्थेतल्या एका तरुणाने ‘काका, आधी दर्शन घ्या, मग बाहेर भांडा’ असे सांगितले, आणि ते योग्यच होते. नात मात्र तेवढ्या वेळात साखळदंडाच्या कड्या मोजत उभी होती. आम्हा तिघांत ते शिल्प नीट पाहणारी तेवढी तीच.

म्हणून माझे सांगणे असे की, आपण गेलात तर आधी वीस मिनिटे काहीही न वाचता, कोणाचेही न ऐकता त्या भिंतीसमोर उभे राहावे आणि मग जे वाचायचे ते वाचावे. बंगालच्या विजयाचा अर्थ हा नंतरच्या लोकांनी लावलेला आहे. तो मला पटतो, परंतु शिल्पाखाली तसे लिहिलेले नाही. माहिती सांगणाऱ्याला ‘हे कशावरून?’ असे विचारण्यास संकोच करू नये. त्याला राग आला, तर पुढच्या वेळी दुसऱ्याबरोबर जावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पालख्यांच्या दिवसांत आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून छायाचित्रे काढली असतील. ते सोडून मुक्कामाच्या रात्री नाना पेठ आणि भवानी पेठ पायी फिरा. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात असते, ज्ञानोबांची ‘पालखी विठोबा’ नावाच्या मंदिरात, आणि दोन्ही ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शाळांच्या ओसरीवर झोपलेली माणसे, फुकट चपला शिवून देणारे कारागीर, कुठेतरी चाललेले भजन, हे सारे रात्री दहानंतर दिसते. उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानड्यांनी ती 1875 मध्ये सुरू केली. वक्ता कंटाळवाणा निघाला तरी श्रोते पाहण्यासारखे असतात. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा 1963 पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात बाल्कनीत बसून ‘अरे, आवाज कुणाचा!’ एकदा तरी ऐकावे. त्रिपुरी पौर्णिमेला जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात पणत्या लावतात. आठव्या शतकातले ते लेणे विजेच्या दिव्यात ओबडधोबड दिसते आणि पणत्यांच्या उजेडात तेच वेगळे भासते. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात, म्हणजे राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत, एखादे व्याख्यान असेल तर चुकवू नये. तिथे वक्त्याची चूक काढणारा एखादा वृद्ध मागच्या बाकावर हमखास असतो, आणि माझे पुढचे आयुष्य मी तसेच घालवावे, अशी माझी इच्छा आहे.

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडण्यासाठी बांधलेले मनोरे, आणि पेठांमधले हौद यांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते कार्यक्रमात मोडत नाही, म्हणून सोडून देतो.

आधी सांगायला हव्या होत्या अशा काही गोष्टी राहिल्या. तळघराच्या पायऱ्या शेवाळी नसल्या तरी निसरड्या असतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला बरोबर नेऊ नये. माझ्या वहिनी वरच थांबल्या होत्या. गुरुपौर्णिमा पावसाळ्यात येते आणि सोमवार पेठेत चारचाकी लावायला जागा मिळत नाही. मंदिर हे नित्य पूजेचे स्थान आहे, संग्रहालय नव्हे, हे ध्यानात ठेवून तिथे वागावे. तळघर कोणत्या वेळेत उघडे राहणार, याची चौकशी आदल्या दिवशी मंदिरातच जाऊन करावी. तिकिटाच्या कार्यक्रमांविषयी मी वर जे लिहिले, ते सरसकट सर्वांना लागू नाही. मनापासून अभ्यास करून माहिती सांगणारी तरुण मुलेही मला भेटली आहेत, आणि त्यांतल्या एका मुलीनेच यांदाबूच्या तहाचे वर्ष मला दुरुस्त करून दिले होते. मी तोपर्यंत 1824 सांगत होतो. दादाला हे ठाऊक नाही.

आणि आसामबद्दल माझे म्हणणे कोणाला खोडून काढायचे असेल, तर 1770 पूर्वी आसाम इंग्रजांच्या ताब्यात होता हे दाखवणारा एक कागद आणावा. दादाला मी वर्षभराची मुदत दिली होती. ती येत्या गुरुपौर्णिमेला संपते.