दुवा, पत्ता आणि ठावठिकाणा

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. सोसायटीच्या फलकावरील सूचनेत ‘खालील दुव्यावर जाऊन अर्ज भरावा’ असे छापून त्याखाली चार ओळी भरतील इतकी अगम्य अक्षरे दिली होती. या लांबलचक मजकुराला ‘दुवा’ म्हणणे बरोबर आहे का, की हा अरबी शब्द टाळून ‘संकेतस्थळ’ म्हणावे, असे वाचकाने विचारले आहे.

अरबीचा मुद्दा आधी निकालात काढतो. आशीर्वाद या अर्थाचा ‘दुवा’ अरबी आहेच. पण दोन गोष्टींना जोडणारा ‘दुवा’ माझ्या मते ‘दोन’च्या कुळातला, म्हणजे दुहेरी, दुपेडी, दुधारी यांचा भाऊबंद आहे. उच्चार सारखा म्हणून मूळही एकच, असे ठोकून देणाऱ्या शुद्धिवाद्यांनी ‘दुवा सांधणे’ हा प्रयोग एकदा तरी मनाशी म्हणून पाहावा. आशीर्वाद कोणी सांधत नाही. ‘संकेतस्थळ’ हा शब्द वेबसाइटसाठी रुळला आहे, तो तिथेच राहू द्यावा. (संस्कृत काव्यात हे प्रेमिकांच्या गुप्त भेटीचे ठिकाण असते, हे पाणीपट्टी भरायला तिथे जाणाऱ्यांनी आठवू नये.)

खरी चूक निराळीच आहे आणि ती कानावर सतत आदळते. दुवा म्हणजे सांधा. पडद्यावरच्या ‘अर्ज’ या शब्दावर बोट ठेवताच पान उघडते, तेव्हा त्या शब्दात दुवा दडलेला असतो. कागदावर छापलेल्या अक्षरमाळेवर कितीही वेळ बोट ठेवले तरी काही उघडत नाही, कारण तो नुसता पत्ता आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली या पत्त्यांची रीत लिहून काढली, तेव्हा तिच्या ‘यूआरएल’ या नावातच ‘लोकेटर’, म्हणजे स्थान सांगणारा, हा शब्द घातला होता.

म्हणून माझा आग्रह ‘ठावठिकाणा’ या शब्दासाठी आहे. ‘ठाव’ हा संस्कृत ‘स्था’ धातूचा वंशज आहे आणि त्याच घराण्यातले सर्वांत देखणे अपत्य म्हणजे आपले ठाणे. शिलाहारांच्या ताम्रपटांत त्याला श्रीस्थानक म्हटले आहे. ‘स्थ’चा ‘ठ’ झाला, ‘न’चा ‘ण’ झाला, शेवटचा ‘क’ गळला आणि ‘ठाणे’ उरले. त्यामुळे ‘ठाणे स्थानकावर भेटू’ असे म्हणणारा प्रवासी नकळत एकच शब्द दोनदा उच्चारत असतो. ‘उठणे’ हे उत् आणि स्था यांतून आले, तर ‘पाठवणे’ हे ‘प्रस्थापयति’मधून. म्हणजे ‘ठावठिकाणा पाठवला’ या दोन शब्दांत स्था दोनदा नांदतो; ‘लिंक शेअर केली’ म्हणणाऱ्यांना हे वैभव कोण सांगणार?

यंत्राला मात्र या स्थानमाहात्म्याची कदर नाही. पत्त्यात ‘ठाणे’ लिहिले की त्यातली चार चिन्हे (ठ, काना, ण आणि मात्रा) प्रत्येकी तीन बाइटांची, म्हणजे संगणकाच्या साठवणीतल्या तीन घरांची, होतात आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा लागतात, त्यामुळे दोन अक्षरी गाव 36 खुणांचे होऊन बसते. मराठी शीर्षकाच्या लेखाचा पत्ता निरोपात चिकटवला की पडदा भरून जातो, तो यामुळेच. मराठी शब्द लांब असतात, ही तक्रार खोटी आहे. इंग्रजी पत्ते लांबतात ते बहुधा प्रश्नचिन्हापुढच्या शेपटीमुळे. पाकिटावर पत्त्याखालीच टपाल कोणत्या गल्लीतून फिरले ते खरडून ठेवावे, तसा हा प्रकार असतो. त्यातले ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे वाचक कोठून आला याची नोंद ठेवण्यासाठीच जोडलेले असतात, आणि ते खुशाल छाटावेत. सरसकट कात्री मात्र चालवू नये, कारण यूट्यूबच्या नेहमीच्या पत्त्यात चित्रफितीची 11 खुणांची ओळख प्रश्नचिन्हानंतरच येते. ती कापली, तर ठिकाण राहील आणि ठाव जाईल.