एकसष्ट हजार कोटींची बेरीज

पत्र: माझी मुलगी नुकतीच एस.वाय.बी.एस्सी. झाली, विषय जिऑलॉजी. पहिल्या वर्षी ६८ टक्के. दगडधोंड्यांच्या शिक्षणात पुढे काही नाही, हे मी तिला पहिल्यापासून सांगतोय. आता सरकारने एआय, अवकाश आणि संशोधन मिळून एकसष्ट हजार कोटींच्या वर निधी काढला आहे. उपग्रहाच्या फोटोंवर एआय हेच पुढचं क्षेत्र, असं सगळीकडे वाचतोय. म्हणून जिऑलॉजी सोडवून तिला एका खासगी विद्यापीठात बी.टेक. (एआय आणि डेटा सायन्स) ला घालतोय. चार वर्षांचे १४ लाख मी पीएफमधून काढीन. फॉर्म भरला आहे, तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला. शिवाय वाशीत ‘सॅटेलाइट एआय’चा ८५ हजारांचा क्लास आहे, ते रिसर्च पेपरसुद्धा करून देतात. मुलीचा विरोध नाही, ती फारसं बोलतच नाही. हा निधी तिला कसा मिळेल आणि इस्रोसाठी पुढे काय करावं? — एक पालक, ऐरोली

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एवढ्या आकड्यांत मी अडकलो तो ओटीपीवर. वीस वर्षांच्या मुलीचं शिक्षण बदलायचा अर्ज तुम्ही भरलात आणि त्यात तिचा सहभाग किती, तर मोबाइलवर आलेले आकडे वाचून दाखवण्याइतका. ‘तिचा विरोध नाही’ असं लिहिलंय. ज्या विषयाला घरात पहिल्यापासून दगडधोंडे म्हटलं जातं, त्याबद्दल ती जेवणाच्या ताटावर काय बोलणार? गप्प बसणं हा तिचा होकार आहे, असं तुम्ही धरून चाललात. माझ्या मते ती बोलून बोलून थकली असण्याची शक्यता जास्त आहे.

आणखी एक. पहिल्या वर्षाचे ६८ टक्के तुम्ही लिहिलेत, पण मुलगी दुसरं वर्ष पूर्ण करून बसली आहे. त्या वर्षाच्या दोन्ही सहामाह्यांचं काय झालं? तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरचे गुण पत्रात का नाहीत? माहीत नाहीत की सोयीचे नाहीत? फील्डवर्कला ती कुठे गेली होती, कुठल्या पेपरला तिचं मन लागतं, गणित बारावीनंतर सुटलं की चालू आहे, यातलं काहीच पत्रात नाही. जे मला ठरवायला सांगताय त्यासाठी नेमकी हीच माहिती लागते. वर चौदा लाख पीएफमधून. हा आकडा तुम्ही प्रेमाने लिहिलाय हे कळतं, पण ज्या मुलांच्या शिक्षणावर वडिलांची म्हातारपणाची पुंजी लागलेली असते, ती मुलं केटी लागली तरी घरी सांगत नाहीत. तिसऱ्या वर्षाला सगळं एकदम बाहेर येतं, आणि तोवर नऊ-दहा लाख भरून झालेले असतात.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या बी.एस्सी. जिऑलॉजीवर थांबलं तर नोकऱ्या थोड्या आणि पगार बेताचे, हे खरं आहे. पण त्या भीतीवर तुम्ही शोधलेलं औषध एका चुकीच्या बेरजेतून आलंय.

ती बेरीज अशी. इंडिया एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी मंजूर झाले. त्यातला सर्वांत मोठा वाटा संगणनासाठी, म्हणजे जीपीयूंची (एआयला लागणाऱ्या वेगवान चिपांची) सोय करण्यासाठी आहे. आणि ती भाषा, आरोग्य, शेती, सगळ्यांसाठी. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे ५०,००० कोटी २०२३ ते २८ या काळासाठी जाहीर झाले. पण त्यातले सरकारचे साधारण १४,००० कोटी. उरलेले उद्योग, सार्वजनिक कंपन्या आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. विषयही झाडून सगळे, रसायनशास्त्रापासून पुढे. ऑक्टोबर २०२४ चे १,००० कोटी हा अवकाश स्टार्टअपसाठीचा व्हेंचर फंड. तो भांडवल म्हणून कंपन्यांत गुंतवला जातो, विद्यार्थ्याशी त्याचा संबंध नाही. तीन बातम्या, तीन वेगळ्या तिजोऱ्या. उपग्रह-निरीक्षणातल्या एआयसाठी वेगळी काढून ठेवलेली एकसष्ट हजार कोटींची थैली कुठेही नाही. आणि जो काही संशोधन निधी खरोखर या कामाला येतो, तो पदवीच्या नावाला मिळत नाही, प्रकल्पाला मिळतो. उदाहरणार्थ इस्रोची ‘रिस्पॉन्ड’ योजना, १९७० च्या दशकापासून चालू असलेली. इस्रोची केंद्रं आपल्याला सोडवून हवे असलेले प्रश्न जाहीर करतात, कॉलेजातला कायम नोकरीतला प्राध्यापक प्रस्ताव लिहितो, मंजुरी आली की पैसे संस्थेच्या खात्यात येतात. खर्चाची शीर्षकं ठरलेली असतात: मनुष्यबळ, उपकरणं, प्रवास, किरकोळ, संस्थेचा वाटा. यातल्या ‘मनुष्यबळ’ या एका ओळीत तुमची मुलगी बसू शकते, ज्युनियर रिसर्च फेलो म्हणून.

त्या ओळीचे दर ऐका. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या नियमानुसार ज्युनियर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सिनियर झाल्यावर ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. पात्रता म्हणजे विज्ञानातली एम.एस्सी. किंवा व्यावसायिक पदवी, आणि सोबत नेट किंवा गेट ही देशपातळीवरची परीक्षा. म्हणजे जिऑलॉजीत एम.एस्सी. केलेली मुलगी आणि एआयमध्ये बी.टेक. केलेली मुलगी एकाच दारात उभ्या असतात. हिशेब करा: आत्तापासून टी.वाय. एक वर्ष, एम.एस्सी. दोन, म्हणजे तीन वर्षांनी ती तिथे पोचते. नव्याने बी.टेक. केलं तर चार वर्षांनी, चौदा लाख खर्चून, आणि झालेली दोन वर्षं पाण्यात.

या वाटेचा त्रासही सांगतो, कारण जाहिरातीत तो नसतो. निधी वर्षावर्षाच्या हप्त्याने येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, वेळेत गेलं नाही, की पुढचा हप्ता अडकतो आणि फेलोचा पगार चार-सहा महिने लटकतो. प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि पीएच.डी.ला पाच लागतात. शेवटची दोन वर्षं दुसरी फेलोशिप शोधण्यात जातात. प्रकल्प संपला की जागा संपते, कायम नोकरीवर हक्क नसतो. म्हणून प्रकल्पाच्या जागेपेक्षा नेट परीक्षेतून स्वतःच्या नावावर मिळालेली फेलोशिप (नेट-जेआरएफ) केव्हाही बरी. गाइड बदलला, प्रकल्प बंद पडला तरी ती तुमच्याबरोबर येते.

आता दगडधोंड्यांबद्दल. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ऐरोलीपासून ते काही फार दूर नाही. अशा दरडींच्या खुणा उपग्रहाच्या चित्रांतून एआयने शोधायच्या, हे निधी मिळणाऱ्या विषयांपैकी एक ठळक काम. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर. समजा आपण शंभर चौरस किलोमीटरचा डोंगराळ भाग घेतला. म्हणजे दहा लाख पिक्सेल. त्यात सगळ्या दरडी मिळून वीस हेक्टर भरल्या, तर दोन हजार पिक्सेल. आता ‘इथे कुठेही दरड नाही’ एवढंच सांगणारं बिनडोक मॉडेल लिहिलं तरी त्याची अचूकता ९९.८ टक्के येते! क्लासच्या पत्रकात ‘९९ टक्के ॲक्युरसीचे प्रोजेक्ट’ असं लिहिलेलं दिसलं, तर हे आठवा. इथे विचारायचे प्रश्न दोन: खऱ्या दरडींपैकी किती सापडल्या, आणि दाखवलेल्यांपैकी किती खोट्या निघाल्या.

खोट्या कुठून येतात? उघडी पडलेली तपकिरी जमीन मॉडेलला सगळी सारखीच. तुर्भ्याकडची दगडखाण, विमानतळासाठी उलव्याला छाटलेली टेकडी, नवा घाटरस्ता, नांगरलेलं उतारावरचं शेत, हे सगळं त्याला दरडच वाटतं. उलट बाजूनेही फसगत होते: पावसाळ्यात ढगांमुळे चित्रच मिळत नाही, आणि पाऊस ओसरून आकाश उघडेपर्यंत कोकणातलं गवत त्या जखमेवर चढलेलं असतं. मग रडार वापरा म्हणतात. रडार ढगांतून बघतं खरं, पण ते तिरकं बघतं. सह्याद्रीच्या कड्यांची एक बाजू चित्रात दुमडते आणि दुसरी सावलीत जाते. नासा-इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला गेला, दर बारा दिवसांनी तीच जागा बघतो, तरी कड्याची भूमिती तीच राहणार. बेसॉल्टवरचा झिजलेला मातीचा थर कुठे जाड असतो, पाणी कुठल्या सांध्यातून उतरतं, दरडीचा राडारोडा खाली कसा पसरतो आणि खाणीचा कसा, हे ज्याला कळतं तो यातल्या चुका पकडतो. हे तुमची मुलगी दोन वर्षं शिकते आहे. कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात. खाणीवर ‘दरड’ असं चुकीचं लेबल बघून भुवई उंचावणारे मिळत नाहीत.

खाडीचंही तसंच. सेंटिनेल-२ आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण त्या वेळी भरती की ओहोटी हे रोज बदलतं. भरतीचं एक चित्र आणि ओहोटीचं एक चित्र शेजारी ठेवून ‘ठाणे खाडीतलं कांदळवन घटलं’ असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी-प्रकल्प असतात. कडेची झाडं एक-दोन पिक्सेल रुंद, ती पाण्यात गेली की मॉडेलच्या लेखी मेली. भरतीचं कोष्टक बघायची बुद्धी पायथॉन या कोडिंगच्या भाषेतल्या कुठल्याही लायब्ररीत नसते.

तेव्हा माझं मत सरळ आहे: जिऑलॉजी सोडू नये. सोडली तर एक दार कायमचं बंद होतं, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. जिऑलॉजीत किंवा तिच्या जवळच्या भूविज्ञान शाखेत एम.एस्सी. असलेल्यालाच जिऑलॉजिस्टसाठी बसता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गट अ ची कायम नोकरी. दरडींचे धोक्याचे नकाशे हीच संस्था करते आणि २०२४ पासून कोलकात्यात तिचं दरड-अंदाज केंद्र आहे. सरकारी, कायम, आणि उपग्रहाच्या चित्रांवर काम. तुम्हाला हवं होतं ते याहून वेगळं काय?

परीक्षांचं थोडक्यात: एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचा जिऑलॉजी पेपर, नंतर रिमोट सेन्सिंगच्या एम.टेक.ला जायचं तर गेटचा जिऑलॉजी किंवा २०२२ पासून असलेला जिऑमॅटिक्स (मोजणी आणि नकाशांचं तंत्र) पेपर. आयआयटी मुंबईत दोन्ही शिक्षणं आहेत आणि ऐरोलीचा पूल ओलांडला की पवई. जागा कमी आहेत, ६८ टक्केवाल्या मुलीला जॅमसाठी वर्षभर घासावं लागेल, हे तिलाही स्पष्ट सांगा. इस्रोची नेहमीची शास्त्रज्ञ-अभियंता भरती ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए असलेल्या इंजिनियरांसाठी असते, तीही मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर. मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासारखी केंद्रं जिऑलॉजी आणि रिमोट सेन्सिंग असं दुहेरी शिक्षण झालेल्यांसाठी अधूनमधून वेगळी जाहिरात काढतात.

तिच्यात कमी काय आहे तर संख्याशास्त्र आणि पायथॉन. ते या सुट्टीत सुरू होतं, तेही जवळजवळ फुकट. इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएस संस्थेचे रिमोट सेन्सिंगचे ऑनलाइन कोर्स विनामूल्य असतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सेंटिनेल-२ चं एक पूर्ण चित्र साधारण एक जीबीचं, सोळा जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं. जीपीयू लागलाच तर गूगलच्या ऑनलाइन कोलॅबवर. तिने रायगडमधल्या एका तालुक्यातल्या दीडशे दरडींच्या खुणा हाताने आखाव्यात, मैत्रिणीकडून त्याच जागा वेगळ्या आखून घ्याव्यात आणि दोघींचं कुठे जमत नाही ते बघावं. न जमलेल्या जागा हेच खरं शिक्षण. मग आधी रँडम फॉरेस्ट हे साधं मॉडेल, चित्रांसाठीचं अवघड यू-नेट नंतर. शिकवायला एक डोंगर आणि तपासायला दुसरा डोंगर ठेवायचा. एकाच डोंगरातले तुकडे दोन्हीकडे वाटले तर गुण भरघोस येतात, पण पेपर आदल्या रात्री फुटल्यावर येतात तसे.

८५ हजारांच्या क्लासला जाऊ देऊ नका. जो क्लास पेपर ‘करून देतो’ तो मुलीच्या नावावर दुसऱ्याचं काम छापतो. पुढे फेलोशिपच्या मुलाखतीत ‘ट्रेनिंग आणि टेस्टिंगचा डेटा कसा वेगळा केला?’ हा पहिला प्रश्न येतो, आणि तिथे तिला खाली बघावं लागेल. खासगी विद्यापीठात बुकिंगचे काही हजार भरले असतील आणि ते परत मिळत नसतील तर गेले म्हणा. चौदा लाखांपुढे ती रक्कम चिल्लर आहे.

राहिला तो अर्ज. त्याचा लॉगिन आणि पासवर्ड आज तिच्या हातात द्या. ठेवायचा की रद्द करायचा ते ती ठरवील, आणि तिने बी.टेक.च निवडलं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून तिला जाऊ द्या. फक्त ती ठरवत असताना तुम्ही खोलीत थांबू नका. पुढचं पत्र तिने लिहिलं तर बरं होईल. सोबत चारही सेमिस्टरचे गुण आणि फील्डवर्कच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो पाठवायला सांगा.