पाणी, जंगल आणि मासे : मालक तीन

प्रश्न : नमस्कार काका. माझा भाऊ अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. तिकडे ते सगळे सुटीत सरकारी जंगलात जातात, तंबू ठोकतात आणि ओढ्यावर मासे धरतात. आम्हालाही होळीच्या सुटीत दोन्ही मुलांना (वय ९ आणि १२) घेऊन पेंचच्या जंगलात, तोतलाडोहच्या काठी तसंच जायचं आहे. सोबत सासूबाई असतील. भावाने रीलची काठी पाठवली आहे. परवानगी कुठे मिळेल?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, तोतलाडोह आधी डोक्यातून काढा. तो जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे आणि पाण्यात मगरी आहेत. हौशी माणसाला तिथे परवानगी मिळत नाही, म्हणून ती शोधत बसू नका.

भावालाही तिकडे कोणी मोकळं सोडत नाही बरं का. जंगल केंद्राच्या वनसेवेचं असलं तरी माशांवर हुकूम राज्याचा चालतो. कोलोरॅडोत १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याचा परवाना काढावा लागतो, त्याहून लहान पोरं तेवढी सुटतात. आपल्याकडे मालक आणखी एक वाढतो. जंगल वनखात्याचं, पाणी पाटबंधाऱ्याचं नाहीतर जिल्हा परिषदेचं, आणि मासे ढीवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, सहकारी संस्थेचे. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली. पाण्याचा हिशेब रोज लिहायचो, पण त्यातले मासे कोणाचे हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं, की रामटेक तालुक्यातल्या एका मालगुजारी तलावावर (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेल्या गावतळ्यावर) मी आणि माझा साळा भल्या पहाटे गरी टाकून बसलो. साडेआठला कतला लागला, दोन-अडीच किलोचा. तेवढ्यात पारेवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, एक म्हातारा ढीवर आला. ओरडला नाही की काही नाही. उकिडवा बसला, मासा हातात घेऊन कल्ल्यात बोट घातलं आणि म्हणाला, "साहेब, हा आमचा आहे. बोटुकली, ही बोटाएवढी पिल्लं, आम्ही विकत आणून सोडली होती." मला वाटलं, म्हातारा उगाच सांगून राहिला, तळ्यातले मासे काय कोणी पेरतं? पण खरंच पेरतात. रोहू, कतला, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वीण होत नाही. म्हणून संस्था तलावाचा ठेका घेते, दरवर्षी बीज आणून सोडते. वजन करून बाजारभावाने पैसे दिले. साळ्याने परतीच्या वाटेवर रामटेक येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. तलाव निवडण्याआधी गावात जा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकडे फिरायला गेलात की आजूबाजूच्या गावांत विचारा, ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते कोणीही सांगतं. संस्थेच्या अध्यक्षांना भेटून दिवस ठरवा, पैसे विचारा, चिठ्ठी लिहून घ्या. आधी विचारल्यावर नाही म्हणणारा ढीवर मला क्वचितच भेटला. ज्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेलाही विचारा. पाण्यातले मासे त्या हक्कात येऊ शकतात. आणि तलाव राखीव जंगलात असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. १९२७ च्या वन कायद्यातलं कलम २६ नियम मोडून शिकार करणं, मासे धरणं आणि पाण्यात विष कालवणं, सगळं एकाच ओळीत बसवतं.

तंबूचं म्हणाल तर मी नकोच म्हणेन. होळीच्या सुमारास जंगल वणव्याच्या दिवसांत असतं, मोहाखालचा पाला कडकडीत झालेला. चूल पेटवू नका, डबा घरूनच न्या. सकाळी सहाला पोचा आणि दहाला उठा. त्यानंतर ऊन नागपुरी होतं, मासेही खोल जातात. सासूबाईंसाठी चटई आणि सावलीचं झाड, बस्स.

रीलची काठी शोभेला ठेवा. पारेवर मागे झाडं असतात, फेकली की दोर फांदीत. पोरांना बांबूची काठी द्या, तरंगा म्हणून ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा बांधा, गरीला कणकेत जवसाची पेंड मळून वाटाण्याएवढी गोळी लावा. मुख्य म्हणजे गरीचं उलटं टोक, तो काटा, घरीच पक्कडीने दाबून सपाट करा. साळ्याच्या अंगठ्यात घुसलेली गरी मी पाहिली आहे; पुढे ढकलावी तर मास फाटतं, मागे ओढावी तर काटा अडतो. शेवटी गाडी काढून दवाखाना गाठला. सपाट केलेली गरी मात्र सरळ बाहेर येते. काही मासे सुटतील, सुटू द्या. तेवढ्या वेळात १२ वर्षांचा ९ वर्षांच्याला पाण्यात ढकलणार नाही, याकडे लक्ष ठेवा. मालगुजारी तलावात काठालाच गुडघाभर गाळ असतो.

मासा लागला तर मोजून पैसे द्या आणि तिथेच साफ करून घ्या.