शंका आणि समाधान : युद्धे, राज्यसत्ता आणि दडवलेली सत्ये

आधुनिक युद्धांमागील आणि राज्यसंस्थेच्या हिंसेमागील लपवाछपवीविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सरकारे खोटी कारणे पुढे करून युद्धे सुरू करतात, असे सर्रास म्हटले जाते. याला कागदोपत्री आधार असलेले उदाहरण आहे का, की युद्ध अंगलट आल्यावर मागाहून रचलेल्या या गोष्टी असतात?

उत्तर : आधार आहे, आणि तो पुष्कळदा त्याच सरकारच्या दप्तरात सापडतो. टोंकिनच्या आखातातील प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांनी अमेरिकेच्या ‘मॅडॉक्स’ या विनाशिकेवर हल्ला केला, हे खरे आहे. मात्र ४ ऑगस्टच्या रात्री झाल्याचे जाहीर करण्यात आलेला दुसरा हल्ला प्रत्यक्षात झालाच नव्हता. खराब हवामानात रडार आणि सोनारवर उमटलेल्या खुणांना शत्रूच्या नौका समजून दोन अमेरिकी जहाजे अंधारात गोळीबार करीत राहिली. मोहिमेचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांनी काही तासांतच संदेश पाठवून शंका व्यक्त केली आणि पुढचे पाऊल उचलण्यापूर्वी संपूर्ण छाननी व्हावी, असेही सुचवले. तरीही अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रतिहल्ल्याची घोषणा केली, आणि ७ ऑगस्ट रोजी अमेरिकी काँग्रेसने त्यांना बळाचा वापर करण्याची जवळजवळ मोकळीक देणारा ठराव संमत केला. प्रतिनिधिगृहात त्याच्या बाजूने ४१६ मते पडली आणि विरोधात एकही नाही. सिनेटमध्ये वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग हे दोघेच विरोधात उभे राहिले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील इतिहासकार रॉबर्ट हॅन्यॉक यांनी या घटनेचा केलेला अंतर्गत अभ्यास २००५ मध्ये खुला झाला. शत्रूच्या पकडलेल्या संदेशांपैकी हल्ल्याच्या कहाणीशी जुळणारे तेवढेच वर पाठवले गेले आणि तिला छेद देणारे बहुसंख्य संदेश बाजूला राहिले, असे त्यांनी दाखवून दिले. युद्ध पेटवण्यासाठी कोणी हे ठरवून केले, असा निष्कर्ष मात्र ते काढत नाहीत. आपली चूक झाकण्याचा अधिकाऱ्यांचा प्रयत्न, असे त्याचे स्वरूप त्यांना दिसते. मला हे अधिक अस्वस्थ करणारे वाटते. कारस्थान असेल तर कारस्थानी माणसे हुडकता येतात. येथे तर वरिष्ठांना काय हवे आहे याचा अंदाज घेऊन प्रत्येकाने थोडेसे गाळले, आणि त्या गाळलेल्या कागदांवर एक युद्ध उभे राहिले. ठराव १९७१ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत त्याचे काम होऊन गेले होते, आणि युद्धात मृत्यू पावलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या अखेरीस ५८ हजारांवर गेली. व्हिएतनामी मृतांची संख्या तर लाखांमध्ये मोजली जाते.

इराकचे उदाहरण याच वळणाचे आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे जे वर्णन केले, ते मुख्यतः ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या एका खबऱ्याच्या सांगण्यावर आधारलेले होते. हा खबऱ्या जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात होता. आपण खोटे बोललो, हे त्याने २०११ मध्ये स्वतःच कबूल केले. इराक युद्धाविषयीच्या ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीचा अहवाल जुलै २०१६ मध्ये आला आणि धोक्याविषयीची अनुमाने मुळात नसलेल्या ठामपणाने मांडली गेली, असे त्यात नमूद झाले. युद्धाला तेव्हा तेरा वर्षे उलटली होती. अशा असत्याला कायमचे टिकावे लागत नाही. मतदान होईपर्यंत किंवा सैन्य सीमा ओलांडेपर्यंत ते टिकले, तरी पुरते.

प्रश्न : कुवेतमध्ये इराकी सैनिकांनी अर्भकांना काचपेटीतून काढून मरायला टाकले, ही कथा बनावट होती असे वाचनात आले. मग अत्याचारांच्या बातम्यांवर विश्वासच ठेवू नये का?

उत्तर : कथा बनावट होती, परंतु त्यावरून आपण काढू पाहत असलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. १० ऑक्टोबर १९९० रोजी ‘नायिरा’ एवढ्याच नावाने ओळख करून दिलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीने अमेरिकी काँग्रेसमधील मानवाधिकार गटापुढे ही साक्ष दिली. हा गट अधिकृत समिती नसल्यामुळे साक्ष शपथेवर घेतलेली नव्हती. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या आहे आणि या प्रचारमोहिमेचे काम ‘हिल अँड नोल्टन’ या जनसंपर्क कंपनीकडे होते, हे जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले. मधल्या काळात, १२ जानेवारी १९९१ रोजी, सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ मतांनी संमती दिली होती, आणि काही सिनेटरांनी आपल्या भाषणांत याच कथेचा हवाला दिला होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संस्थेनेही ती आधी स्वीकारली आणि नंतर मागे घेतली.

तथापि इराकी सैन्याने कुवेतमध्ये खून केले, छळ केला आणि शेकडो माणसे पकडून नेली, हेही तितकेच खरे आहे. एक कथा खोटी ठरल्यामुळे हे गुन्हे पुसले जात नाहीत. उलट दिशेची चूक पाहायची असेल, तर रशियातील कातीनच्या हत्याकांडाकडे पाहावे. एप्रिल १९४३ मध्ये पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्याचे जर्मनीने जाहीर केले, तेव्हा नाझींचा प्रचार म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे मित्रराष्ट्रांना सोयीचे होते. पोलंडच्या निर्वासित सरकारकडील ब्रिटिश राजदूत ओवेन ओ'मॅली यांनी सोव्हिएत संघाकडे बोट दाखवणारा अहवाल त्याच वर्षी दिला होता, परंतु तो मोजक्या वर्तुळातच फिरवण्यात आला. १९४० च्या वसंत ऋतूत सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना ठार मारले होते. याची कबुली मॉस्कोने एप्रिल १९९० मध्ये दिली. सांगणारा लबाड होता आणि सांगितलेले खरे होते. म्हणून वक्त्याच्या चारित्र्यावरून बातमीचा निवाडा करण्याची सवय दोन्ही बाजूंनी घात करते.

प्रश्न : इतके लोक सामील असताना अशा गोष्टी लपून कशा राहतात, आणि शेवटी बाहेर तरी कशा पडतात?

उत्तर : लपवण्याची पहिली रीत म्हणजे खोटी नोंद. १९६९-७० मध्ये तटस्थ कंबोडियावर अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी चौदा महिने बॉम्बफेक केली, तेव्हा हल्ल्यांची ठिकाणे दक्षिण व्हिएतनाममध्ये असल्याचे कागदोपत्री दाखवले जात असे आणि खऱ्या लक्ष्यांचे कागद जाळले जात असत. हे १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे आले, ते कागद जाळण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या मेजर हॅल नाइट यांच्यामुळे.

दक्षिण व्हिएतनाममधील माय लाय येथील हत्याकांडात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी शेकडो नि:शस्त्र गावकरी मारले. व्हिएतनामी गणनेनुसार हा आकडा ५०४ आहे. लष्कराच्या पहिल्या वृत्तात १२८ शत्रू ठार झाल्याचे आणि तीन शस्त्रे हाती लागल्याचे म्हटले होते. १२८ सैनिकांपाशी तीन बंदुका! विसंगती पहिल्या दिवसापासून अधिकृत आकड्यांतच होती, पण ती विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. हेलिकॉप्टर वैमानिक ह्यू थॉम्पसन यांनी त्याच दिवशी वरिष्ठांकडे तक्रार केली, तीही दबली. रॉन रायडनअवर हे सैनिक तेथे उपस्थित नव्हते. सहकाऱ्यांकडून ऐकलेली माहिती जुळवून त्यांनी मार्च १९६९ मध्ये लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली, आणि नोव्हेंबरमध्ये पत्रकार सीमोर हर्श यांनी ही बातमी फोडली. शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट विल्यम कॅली यांना, आणि जन्मठेपेपैकी त्यांनी जेमतेम साडेतीन वर्षे भोगली, तीही बहुतांश स्वतःच्या निवासस्थानी.

दुसरी रीत म्हणजे दप्तर नाहीसे करणे. ब्रिटनने वसाहती सोडताना, सरकारची अडचण होईल अशी कागदपत्रे नव्या सरकारांच्या हाती पडू नयेत, असे आदेश १९६१ मध्ये दिले होते. ती जाळावीत आणि राखही मोडून टाकावी, अन्यथा वजनदार पेट्यांत भरून खोल समुद्रात सोडावीत, इतका तपशील त्या सूचनांमध्ये आढळतो. उरलेल्या फायली ब्रिटनमधील हॅन्स्लोप पार्क या सरकारी ठिकाणी दडून होत्या. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ बंडाच्या काळात छावण्यांमध्ये छळ सोसलेल्या वृद्ध केनियन नागरिकांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा २०११ मध्ये या फायलींचे अस्तित्व मान्य करणे सरकारला भाग पडले. जून २०१३ मध्ये ५,२२८ दावेदारांसाठी १.९९ कोटी पौंडांची तडजोड झाली.

प्रश्न : लॅटिन अमेरिकेतील लष्करी राजवटींनी विरोधकांना उघडपणे फाशी देण्याऐवजी ‘बेपत्ता’ का केले?

उत्तर : कारण फाशीला खटला लागतो, खटल्याला आरोप लागतो आणि प्रेत राहिले की पुरावा राहतो. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात माणसांना घरातून उचलून गुप्त छावण्यांत ठेवले जाई, आणि नातेवाईक न्यायालयात गेले की अशी व्यक्ती आमच्या ताब्यात नाही, हे ठरलेले उत्तर मिळे. अनेकांना गुंगीचे औषध देऊन विमानातून समुद्रात टाकण्यात आले. नौदलातील अधिकारी अदोल्फो सिलिंगो यांनी हे १९९५ मध्ये जाहीरपणे कबूल केले. बेपत्ता माणूस धड जिवंतही नाही आणि मृतही नाही, अशा आशयाचे विधान हुकूमशहा व्हिदेला यांनी १९७९ मध्ये पत्रकारांपुढे केले होते. मृत्यूचा दाखला नसल्याने वारसाहक्क अडकतो, आशा संपत नसल्याने शोक करता येत नाही, आणि आपण बोललो तर कदाचित त्याचे बरेवाईट होईल, या भीतीने घरचे गप्प राहतात. लोकशाही परतल्यावर नव्या सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० प्रकरणे नोंदवली. मानवाधिकार संघटना ३० हजारांचा आकडा सांगतात.

ही युक्ती उलटली कशी, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल १९७७ पासून बेपत्ता झालेल्यांच्या माता राजधानीतील प्लाझा दे मायो या चौकात फेऱ्या घालू लागल्या. कैदेत जन्मलेली बाळे परक्या कुटुंबांना दिली गेली होती. त्यांच्या आज्यांनी वैज्ञानिकांना गाठले आणि आजी-नातवंडांचे नाते सिद्ध करणारी आनुवंशिक चाचणी विकसित करवून घेतली. आजवर अशा १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. शेजारच्या चिलीत कायद्याने आणखी वेगळी वाट काढली. हुकूमशहा पिनोशे यांच्या राजवटीने १९७८ मध्ये स्वतःला माफी देणारा कायदा केला होता. परंतु प्रेत सापडलेले नाही तोवर अपहरणाचा गुन्हा चालूच आहे आणि चालू गुन्ह्याला जुनी माफी लागू होत नाही, असा अर्थ तेथील न्यायालयांनी पुढे लावला. जे प्रेत लपवले, त्याच्याच अभावामुळे खटले उभे राहिले.

प्रश्न : सगळ्या युद्धांमागे शस्त्रकंपन्याच असतात, हे खरे का?

उत्तर : सगळ्या म्हणता येणार नाही. लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या साखळीच्या अवाजवी प्रभावाविषयी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जानेवारी १९६१ मध्ये इशारा दिला होता आणि तो गंभीरपणे घ्यावा. मात्र वर आलेल्या प्रकरणांत सत्ताधाऱ्यांची प्रतिष्ठा, निवडणूक आणि माघार घेण्याची लाज यांचा वाटा अधिक दिसतो.

प्रश्न : चालू युद्धाची बातमी वाचताना सामान्य वाचकाने काय पाहावे?

उत्तर : पहिले अधिकृत निवेदन जपून ठेवावे आणि नंतरच्या निवेदनांशी ताडून पाहावे, शब्द बदलत जातात ते कोठे, हे सर्वांत बोलके असते. घटनास्थळी स्वतंत्र माणसाला जाऊ दिले का, आणि मारले गेलेले शत्रू होते हे कशावरून ठरवले, हे विचारावे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकेने केलेल्या ड्रोन हल्ल्याला अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिली यांनी प्रारंभी न्याय्य ठरवले होते. पत्रकारांनी सुरक्षा कॅमेऱ्यांची चित्रफीत मिळवली आणि मोटारीत स्फोटके भरली जात असल्याचा जो समज होता, ती पाण्याची भांडी असल्याचे दाखवले. १७ सप्टेंबर रोजी चूक मान्य झाली : दहा नागरिक मेले होते, त्यांपैकी सात मुले. माय लायला जे दीड वर्षाहून अधिक काळ लागला, ते येथे तीन आठवड्यांच्या आत घडले, कारण घटनास्थळ पत्रकारांच्या आवाक्यात होते. जबाबदारी निश्चित करण्याच्या बाबतीत मात्र तेवढी प्रगती झालेली नाही. कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर करण्यात आले.