सही नाकारली ते तिने बरोबरच केलं

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम., वय 23. अंधेरीत हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराकडे कामगारांची हजेरी भरते, रोजचा रिपोर्ट लिहिते. वडिलांना हे काम कमीपणाचं वाटतं. ‘आता हजेरी मशीनवर लागते, ही नोकरी किती दिवस टिकणार? बँकेचे फॉर्म मीच भरतो, पण ती अभ्यासाला बसत नाही. परवा सुपरवायझरने गैरहजर माणसांची हजेरी लावायला सांगितली, तर भांडून आली. मी म्हटलं, सही करून टाक, तुला तिथे कुठे राहायचंय!’

नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. गैरहजर माणसाची हजेरी लावली की त्याच्या नावावर पगार निघतो. चौकशी झाली तर सुपरवायझर हात झटकून मोकळा होईल, कारण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, सही तुमच्या मुलीची असेल. हे तिला या वयात कळलं आणि ती ठाम राहिली. घरी येऊन तिने सांगितलं, तर तुम्हीच तिला गप्प केलंत. पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगेल का? बँकेच्या परीक्षेपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

तिला सांगा, असा हुकूम आला की ‘मेलवर लिहून द्या’ एवढंच म्हणायचं. तोंडी सांगणारे सहसा लिहून देत नाहीत. मस्टरमध्ये व्हाइटनर लावायचा नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून वर दुरुस्ती करायची आणि शेजारी सही-तारीख टाकायची. तरीही दबाव आला तर वरिष्ठांना लेखी कळवायचं, आणि त्यांनीही ऐकलं नाही तर खुशाल दुसरी नोकरी शोधायची. त्या दिवशी तुम्ही तिच्या पाठीशी उभे राहा.

आता मशीनबद्दल. हा गैरसमज मी फार घरांतून ऐकतो. मशीन फक्त ‘पंच’, म्हणजे आत-बाहेर जाण्याची वेळ, नोंदवतं. फिनाईल आणि ॲसिडने बोटं झिजलेल्या बाईचा अंगठा त्यावर उमटत नाही. रात्रपाळीचा माणूस 10 ला आत येतो आणि सकाळी 6 ला बाहेर पडतो. तारीख बदलल्यामुळे सॉफ्टवेअरने त्याला दोन्ही दिवशी ‘मिस पंच’ दाखवलं, तर ते कोणीतरी निस्तरावं लागतं. कोणी बदली आलं होतं, कोण डबल ड्युटी करून गेलं, कोणाची साप्ताहिक सुट्टी पुढे ढकलली, हे माणसालाच तपासावं लागतं. पगार, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) सगळं त्या आकड्यावर चालतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे. मस्टरमध्ये 3 दिवस गळले आणि भरले 238, तर त्या बाईची वर्षाची रजा गेली. याला कमीपणाचं काम म्हणू नका.

रिपोर्टचंही तसंच. ‘काम समाधानकारक झालं’ हे वाक्य कोणाच्याच उपयोगाचं नाही. ‘सकाळपाळीला 42 पैकी 37 हजर, 2 रजेवर, 3 जणांचा निरोप नाही; चौथ्या मजल्यावर पाणी नसल्याने 11 ते 12:30 काम बंद’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच निर्णय घेता येतो. जे पाहिलं ते आधी, कोणाकडून कळलं ते वेगळं आणि स्वतःचं मत शेवटी, ही शिस्त तिने लावून घ्यावी.

बँकेचं म्हणाल तर सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस जी परीक्षा घेते, तिच्यात क्लार्कला 28 आणि पीओला (अधिकारीपदाला) 30 पर्यंत वय चालतं. तिला हवं असेल तर ती देईल. तिचे फॉर्म तुम्ही भरणं मात्र आजपासून बंद करा.

मला तिची वाट दुसरीकडे दिसते. परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची सरकारी श्रम विज्ञान संस्था आहे. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना 1890 मध्ये ज्यांच्या लढ्यामुळे मिळाली, तेच हे लोखंडे. तिथे कामगारविषयक पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पेरोल, एचआर, कामगार कल्याण अधिकारी अशा जागांकडे तिथून जाता येतं, आणि मस्टर स्वतः भरलेली मुलगी तिथे इतरांच्या पुढेच असेल. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिने जाऊन प्रवेशाची चौकशी करावी. एकटीने जाऊ द्या.

आणि एक विनंती. चार पानांच्या पत्रात तिला स्वतःला काय हवंय याची एक ओळही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.